सोमवारी आवाज नव्हता

कल्याणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मुरारशेठचा धर्मादाय दवाखाना होता. दवाखाना शेठच्या पैशाचा, औषधं सरकारची आणि मेहनत हरिहरराव गुप्त्यांची, असं गावात म्हणत. निदान हरिहररावांना तरी तसंच ऐकू येई. मुंबईला मराठीतून डॉक्टरी शिकवण्याचा वर्ग होता. त्यातून हॉस्पिटल असिस्टंट होऊन ते इथे आले आणि केस पिकेपर्यंत इथेच राहिले. पटकीच्या साथी त्यांनी अंगावर घेतल्या, बंदरावरच्या कोळ्यांची मोडलेली हाडं बसवली, रात्रीअपरात्री बाळंतिणींच्या दाराशी बसून राहिले. सरकारी कागदावर ते डॉक्टर नव्हते. पण कल्याणात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, आणि कुणाची ही चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

मग श्रीपाद कर्णिक आला.

श्रीपाद ग्रँट मेडिकल कॉलेजात इंग्रजीतून शिकून, एल. एम. अँड एस. होऊन आला होता. मिसरूड नुकतंच फुटलेलं, आवाज मऊ, आणि खुर्ची मात्र हरिहररावांच्या वरची. तो उद्धट असता तर हरिहररावांना फार सोपं गेलं असतं. उद्धट माणसाचा राग राग करता येतो. हा आपला प्रत्येक रोग्यापाशी अदबीने विचारायचा, "हरिहरराव, तुमचं काय मत?" आणि त्यांनी मत दिलं की मान डोलावून नेमकं दुसरंच काहीतरी करायचा. दोन-तीनदा त्याचंच बरोबर निघालं. पावसाळा सरेपर्यंत गावाने दोघांची वाटणी करून टाकली. श्रीपाद झाला डॉक्टर आणि हरिहरराव झाले हरिहरभाऊ.

घरीही सुटका नव्हती. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी वालाचं बिरडं केलं की एक वाटी झाकून श्रीपादच्या बिऱ्हाडी जायची.

"एकटा जीव आहे हो," त्या म्हणत. "आपल्याच जातीचा पोरगा. आणि बोलतो किती गोड! परवा म्हणाला, हरिहररावांकडून मला खूप शिकायचंय."

"शिकायचंय म्हणे," हरिहरराव पुटपुटत. त्या दिवशी त्यांना बिरडं कडवट लागे.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी धाकू कोळ्याला चौघांनी खाटेवर घालून दवाखान्यात आणलं. धाकूचा स्वतःचा पडाव होता, शिडाची मालवाहू होडी. कोलशेतच्या मिठागरांवरून मीठ भरायचं आणि खाडीतून कल्याणला आणायचं, हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, दांडग्या हाडाचा माणूस. शीड ओढता ओढता त्याच्या छातीत कळ आली होती. अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"छातीवर कोनी धोंडा ठेवलाय बगा," तो म्हणाला. त्याची बायको शेवंती त्याचे तळवे चोळत होती. धाकटा भाऊ विश्राम दारात उभा होता.

श्रीपाद त्या दिवशी देवी टोचण्याच्या कामावर भिवंडीला गेला होता. हरिहररावांना बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी एखादा रोगी सबंध त्यांचा होता. त्यांनी लाकडी नळी धाकूच्या छातीवर टेकवली आणि डोळे मिटून ऐकलं. ठोके दुबळे होते, दुरून आल्यासारखे, पण स्वच्छ होते. एक, मग दुसरा, मधे काही नाही. त्यांनी वेदनेवर अफूचा अर्क दिला, छाती शेकायला लावली आणि धाकूला खाटेवर निजवून ठेवलं. सकाळपर्यंत कळ ओसरली. बुधवारी धाकू पेज मागायला लागला. हरिहररावांनी शेवंतीला सांगितलं, "वायूचा जोर होता, उतरला." शेवंती त्यांच्या पाया पडली. श्रीपाद परतला तेव्हा त्यांनी ही हकीकत जरा जास्तच तपशिलाने सांगितली.

शुक्रवारी सकाळी मात्र धाकूला पुन्हा धाप लागली. हरिहरराव त्याच्या खाटेपाशी दोनदा येऊन गेले, नाडी पाहिली, थंडी बाधली असेल म्हणाले. नळी काही लावली नाही. काल बरा असलेला माणूस आज पुन्हा काय तपासायचा?

श्रीपाद आला आणि त्याने आधी नुसता तळहात धाकूच्या छातीवर ठेवला. तो तसाच थांबला. मग नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. उठला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. ती चमक हरिहररावांना मुळीच आवडली नाही.

"हरिहरराव, इथे हात ठेवा."

त्यांनी ठेवला. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, मांजर अंगावर घुरघुरावं तसं. त्यांनी नळी लावली. दोन ठोक्यांच्या मधे करवतीसारखा खरखरीत आवाज येत होता. इतका मोठा की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ऐकू यावा.

श्रीपादने त्यांना व्हरांड्यात नेलं. "आमच्या कॉलेजात बाटलीत ठेवलेलं एक हृदय आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाचं. कळेनंतर हृदयाचा एक तुकडा मरतो, कुजल्यासारखा मऊ होतो, आणि मग आतलं काहीतरी फाटतं. कधी बाहेरची भिंत, कधी मधला पडदा, कधी झडपेचा दोर. जिवंतपणी कुणी ओळखलेलं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारतो, सोमवारी हा आवाज होता?"

हरिहररावांनी हातातली नळी पुसली. सोमवारचे ते दोन स्वच्छ ठोके त्यांच्या कानात होते. पण समोर हा कालचा पोरगा उभा होता. सकाळपासून दोनदा जे त्यांच्या हाताशी होतं ते याने नुसत्या तळव्याने उचललं होतं. आता हे ठाण्याला जाणार, सिव्हिल सर्जन साहेबांना कळणार, मुंबईला जाणार. आणि वायू म्हणणारे हरिहरभाऊ गावाच्या हसण्यावारी जाणार.

"होता," ते म्हणाले. "बारीक होता, पण होता. जुनाच असणार. लहानपणी सांधे धरले असतील, त्यात झडप खराब झाली असेल. मला सांगण्यासारखं वाटलं नाही."

श्रीपादच्या डोळ्यांतली चमक विझली. ती विझताना पाहून हरिहररावांना जे सुख झालं, तसं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

"तुम्ही ऐकलंत म्हणजे प्रश्नच नाही," श्रीपाद म्हणाला. "मी उगीच पुस्तकी उड्या मारतो."

धाकूला दवाखान्यात करमत नव्हतंच. मिठाचा हंगाम तोंडावर आलेला, पडाव बंदरात बांधून पडलेला. जुनंच दुखणं असेल तर माणसाला खाटेला जखडून ठेवण्यात अर्थ नव्हता. श्रीपादने शनिवारी त्याला घरी सोडलं. जपून राहा, ओझं उचलू नको, एवढं बजावलं. धाकू शेवंतीच्या खांद्यावर हात टाकून, दर चार पावलांवर थांबत, बंदराकडे उतरला. खिडकीतून हरिहरराव बघत होते. हाक मारावी असं एकदा त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात श्रीपाद मागे येऊन उभा राहिला, आणि ती हाक घशातच राहिली.

रविवारी भरतीच्या वेळी बंदरावर गलका झाला. विश्राम पडाव घेऊन एकटाच कोलशेतला निघाला होता. धाकू धापा टाकत धक्क्यावर आला आणि दोर धरून बसला.

"माजा पडाव माज्याबिगर जायाचा नाय! मी मेलो काय अजून?"

"भाऊस, तू आजारी हाईस. घरी जा."

"मना आजारी करून पडाव गिळतोस काय?"

दोघांची दोरावर ओढाताण झाली. विश्रामने दोर हिसकला आणि भावाला खांद्याला धरून मागे ढकललं. धाकू धक्क्यावर बसला, तोंड उघडून त्याने विश्रामकडे पाहिलं आणि आडवा झाला. पुन्हा उठला नाही.

सगळ्या बंदराने ढकलताना पाहिलं होतं. पडावावरून भावाभावांची धुसफूस आहे हेही ठाऊक होतं. फौजदाराला आणखी काय हवं? त्याने विश्रामच्या हातात बेड्या घातल्या आणि प्रेत मुरारशेठच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, छातीवर मार बसून मृत्यू आला काय ते कळवावे.

श्रीपाद दुसऱ्याच एका खटल्यात साक्ष द्यायला ठाण्याला गेला होता. सोमवारी दुपारच्या आगगाडीने येणार होता. ऊन वाढत होतं, थांबता येत नव्हतं. हरिहररावांनी बाह्या दुमडल्या. बाहेर चिंचेखाली विश्राम शिपायाशेजारी उकिडवा बसला होता. शेवंती त्याच्यापासून लांब, पाठ करून बसली होती.

प्रेताच्या खांद्यावर बोटांचे वळ होते. छातीवर काही नव्हतं. बरगड्या शाबूत होत्या. हरिहररावांनी हृदय बाहेर काढलं, पाण्याने धुतलं आणि उजव्या बाजूने हळूहळू उघडलं. खालच्या टोकाकडचं मांस पिवळट पडलं होतं आणि बोटाखाली रुतत होतं. आणि दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात, त्या मऊ भागात, एक भोक होतं. कडा फाटक्या, त्यांना रक्ताचे ताजे धागे चिकटलेले. त्यांनी करंगळी घातली. ती पलीकडच्या कप्प्यात निघाली.

म्हणजे पोरगा खरा होता.

त्यांना आधी धाकूची दया आली नाही. विश्रामची तर आठवणही झाली नाही. आधी मत्सराची कळ आली, अगदी छातीत. भिंतीपलीकडचं न पाहता या पोराला कळलं होतं, आणि भिंत फोडून आपण आता पाहतोय! मग भीती आली. कडा ताज्या होत्या. सांधे धरल्याचं जुनं दुखणं असं दिसत नाही, हे श्रीपाद एका नजरेत ओळखणार. शुक्रवारचं खोटं उघडं पडणार.

कात्री हातात होती. उघडण्याचा छेद बोटभर खाली नेला की भोक त्या छेदात मिसळून जाणार. कात्री जरा घसरली, एवढंच. मृत्यू ढकलण्यानेच ठरणार, फौजदार खूश, श्रीपाद गप्प, आणि ते स्वतः जसे होते तसे. त्यांनी कात्रीचं टोक पडद्याला लावलं.

आणि थांबले. का थांबले, ते त्यांना पुढे पुष्कळ दिवस बोचत राहिलं. कारण त्या क्षणी त्यांच्या मनात न्याय नव्हता की धर्म नव्हता. मनात एवढंच आलं, की श्रीपादने ते नुसतं ऐकलं आहे, पाहिलं मी आहे. ठाण्याच्या साहेबानेही आपल्या हाताने असं काही उघडलं नसेल. हे माझं आहे, आणि माझ्याच हाताने मी ते फाडून टाकू? ज्या मत्सराने कात्री पुढे नेली होती त्यानेच ती मागे घेतली. कात्री खाली ठेवल्यावर मग खिडकीतून बेड्यांचा आवाज आला. तेव्हा विश्रामची आठवण झाली, आणि त्यांनी हृदय ताटलीत ठेवून त्यावर ओलं फडकं टाकलं.

श्रीपाद स्टेशनावरून तडक आला. हरिहररावांनी ताटलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. श्रीपाद वाकला.

"किती सुरेख उघडलंत!" तो म्हणाला. मनापासूनच म्हणाला. मग त्याने भोकाच्या कडांवरून सळई फिरवली आणि सावकाश सरळ झाला. "हे जुनं नाही, हरिहरराव. फार तर तीन-चार दिवसांचं. मग मागच्या सोमवारी..."

"सोमवारी आवाज नव्हता."

"पण तुम्ही मला म्हणालात..."

"खोटं बोललो."

"का?"

हरिहररावांनी हात धुवायला घेतले. "ते तुम्हाला आधी सापडलं म्हणून."

श्रीपादने सळई ताटलीशेजारी ठेवली. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता. तोच मऊ आवाज होता, आणि तोच हरिहररावांना सहन होईना.

"मी त्याला खाटेवरून उठू दिलं नसतं."

"ठाऊक आहे."

"वाचला नसता. असा कुणी वाचलेला मी ऐकलेला नाही. पण निदान भावाच्या हातात नसता गेला."

दुसऱ्या दिवशी मामलेदारांच्या कचेरीत चौकशी झाली. श्रीपादने ताटलीतलं हृदय दाखवून समजावलं. मधला पडदा धक्क्याने फाटलेला नाही, आधीच फाटलेला होता, विश्रामने हात लावला नसता तरी हा माणूस आज ना उद्या गेलाच असता. मामलेदार शंकेखोर होते.

"ढकलण्याआधी फाटला, की ढकलल्यावर? ते कशावरून?"

"आवाजावरून," श्रीपाद म्हणाला. "पडदा फाटला की आवाज येतो. शुक्रवारी मी स्वतः ऐकला. त्याआधी सोमवारी तो नव्हता, हे हरिहररावांनी तपासलेलं आहे. म्हणजे मधल्या दिवसांत, दवाखान्यातच फाटला."

हरिहररावांना पुढे बोलावलं. त्यांनी तसंच सांगितलं.

"मग इतका नाजूक रोगी घरी कसा सोडला?" मामलेदारांनी विचारलं. "सोमवारी आवाज नव्हता, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं?"

श्रीपाद चटकन म्हणाला, "सोडला मी. तो निर्णय माझा होता."

आणि तो खाली बघू लागला. तो हरिहररावांचं खोटं झाकत होता. हरिहररावांच्या लक्षात आलं की आपण नुसतं गप्प उभं राहिलं तरी सगळं निभावून जाईल. नोकरी राहील, नाव राहील, आणि जन्मभर या पोराच्या उपकाराखाली राहू. रोज सकाळी त्याचं ते अदबीचं 'हरिहरराव' ऐकायचं, आणि त्यात हेही ऐकायचं.

"डॉक्टरांनी मला विचारलं होतं," ते मोठ्याने म्हणाले. "मी आवाज होता असं सांगितलं. खोटं सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी रोगी सोडला."

कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि ते लिहून घेतलं. मामलेदारांनी विश्रामच्या बेड्या काढायला सांगितल्या. विश्राम तिथेच खाली बसून हुंदके द्यायला लागला. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती उठून हरिहररावांच्या समोर आली.

"म्हंजी त्याला घरी तुमी धाडलाव?"

"हो."

"आनि मी तुमच्या पाया पडली."

एवढंच बोलून ती निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हरिहररावांना वाटलं.

ठाण्याहून हुकूम आला. हरिहररावांची बदली मुरबाडला, जिथे दवाखाना म्हणजे एक खोली आणि कुलूप होतं. धाकूचं हृदय स्पिरिटच्या बाटलीत घालून मुंबईच्या कॉलेजात गेलं. श्रीपादच्या अहवालाच्या उत्तरात ठाण्याच्या सिव्हिल सर्जन साहेबांनी डॉक्टर कर्णिकांच्या सूक्ष्म कानाची तारीफ केली होती, आणि छेद नीटस आहे असंही म्हटलं होतं. छेद कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. श्रीपादने तो कागद वाचायला दिला तेव्हा हरिहररावांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

"मी साहेबांना कळवतो, छेद तुमचा आहे म्हणून," श्रीपाद म्हणाला.

"नको," हरिहरराव म्हणाले. ते खरोखर नको होतं, आणि तरी त्याने कळवावं असंही वाटत होतं. श्रीपाद नको म्हटलं की ऐकणारा माणूस होता. त्याने कळवलं नाही.

घरी सामान बांधायला घेतलं त्या दिवशी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्या पोराने तुमचं काय वाकडं केलं होतं हो?"

"काही नाही," हरिहरराव म्हणाले. "तेच तर."

निघायच्या सकाळी गाडीला बैल जुंपलेले असताना विश्राम आला. डोकं भादरलेलं, हातात पानात गुंडाळलेला जिताडा. तो पायरीशी थांबला.

"वैनी नको बोलली," तो म्हणाला. "तरी मी आनलाय. तुमी कचेरीत बोललाव नसताव तं मी आज ठान्याच्या तुरुंगात असतो."

"मी आधी बोललो असतो तर तुझा भाऊ खाटेवर गेला असता."

"ता पन हाय," विश्राम म्हणाला. त्याने मासा पायरीवर ठेवला. "दोनी हाय."

हरिहररावांनी गाडीवानाला थांबायची खूण केली आणि विश्रामला म्हणाले, "हा कर्णिकांच्या बिऱ्हाडी नेऊन दे. डॉक्टर ते आहेत. पडदा फाटलाय हे आधी त्यांना कळलं."

आयुष्यात पहिल्यांदाच ते हे वाक्य उच्चारत होते, आणि उच्चारताना त्यांना वाटलं की आता तरी पोटातली ती जळजळ थांबेल.

"त्यांना दिलाय की," विश्राम म्हणाला. "आदी तिकरंच जाऊन आलो. मोठा त्यांना दिला, ह्यो तुमाला."

हरिहररावांनी पायरीवरच्या माशाकडे पाहिलं. चांगला हातभर होता, डोळे अजून लखलखत होते. विश्राम नमस्कार करून फाटकापर्यंत गेला, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलंच,

"विश्राम, अरे, मोठा म्हणजे केवढा?"